आगपेटीएवढा आवाज

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. माझ्या बाबांचा आवाज गेला आहे, कान गेलेले नाहीत. घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी हे आम्हाला नीट समजावलं होतं आणि आम्ही ते सगळ्या इमारतीला नीट समजावलं होतं. तरीही वरच्या मजल्यावरचे रेडिओकाका (चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्त केले, म्हणून रेडिओकाका) बाबांच्या कानाशी तोंड नेऊन "बरं आहे ना आता?" असं ओरडायचे. बाबा खिशातली छोटी वही काढून लिहायचे, "ऐकू येतं." ते वाचून काका आणखी मोठ्याने म्हणायचे, "हो का? छान, छान." तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई त्यातल्या त्यात शिकलेल्या. त्या ओरडत नसत. त्या बाबांच्या हातातली वही घेऊन स्वतःचं उत्तर त्यात लिहून देत.

या सगळ्याला कंटाळून बाबांनी घराबाहेर पडणंच बंद केलं. सात महिने ते खिडकीपाशी बसून होते. एकतीस वर्षं तारघरात काम केलेला माणूस, म्हणजे बोलणं आधीच मोजकं. आता तेही वहीतून. वहीची मात्र त्यांनी तारघरासारखी शिस्त ठेवली होती. वर तारीख, मग वेळ, मग मजकूर, आणि समोरच्याने वाचलं की खाली बरोबरची खूण. "चहात साखर नाही" या मजकुरालासुद्धा सकाळी सात बावीस ही वेळ आणि खाली खूण असे.

अशात त्यांच्या जुन्या तारघरातून पत्र आलं. तारघर बंद होऊन जमाना झाला होता. आता तिथे छोटंसं संग्रहालय होणार होतं, आणि उद्घाटनाला बाबांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती होती. सोबत असंही लिहिलं होतं की, 'पलीकडचा' येणार आहे. पलीकडचा म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाला बसणारा माणूस. बावीस वर्षं तो आणि बाबा एकमेकांशी रोज बोलले, पण ठोक्यांनी. चेहरा एकदाही पाहिला नाही. बाबा त्याचं खरं नाव कधी घेत नसत, आणि घेतलं असतं तरी आम्हाला ते परकंच वाटलं असतं.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि वहीत लिहिलं, "वही घेऊन जाणार नाही. लोक ओरडतील." मग त्याखाली लिहिलं, "जायचं आहे."

त्या दोन ओळींमुळे हे सगळं झालं. मी म्हणालो, "बाबा, मी तुम्हाला यंत्र करून देतो." उद्घाटनाला चाळीस दिवस होते.

बायको म्हणाली, मोबाइलवर होतं की हे. इमारतीत ज्याला ज्याला कळलं तो प्रत्येक जण हेच म्हणाला, आणि पहिल्यांदा आपल्यालाच सुचल्यासारखं म्हणाला. पण बाबांची बोटं आता थरथरतात, मोबाइलवर 'नमस्कार' लिहायला त्यांना चार प्रयत्न लागतात. शिवाय दर वाक्याला लोकांच्या नाकापुढे फोन धरणं त्यांना पास दाखवल्यासारखं वाटायचं. ठोका मात्र त्यांच्या हातात पक्का होता. आखूड ठोका, लांब ठोका, यांतून अक्षर. एक बटण खिशात, एक छोटी स्क्रीन छातीवर. बाबा खिशात हात घालून ठोके देणार, अक्षरं छातीवर उमटणार. वही नाही, फोन नाही, चारचौघांसारखा माणूस. यात न पटण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

प्रोग्राम बायकोने लिहिला. ती गणित शिकवते. दोन दुपारी बसली, लिहून मोकळी झाली, आणि तो पहिल्या फटक्यात चालला. याबद्दल ती कुणाला काही बोलली नाही, आणि मीही या कथेत त्यावर फार वेळ घालवणार नाही.

तयार मिळणारे भाग जोडून मी पहिला नमुना केला. तो चालायचा, पण त्याचा आकार जेवणाच्या डब्याएवढा होता आणि चारी बाजूंनी रंगीत वायरी लोंबत होत्या. बाबांनी तो छातीवर बांधून दार उघडलं, तेव्हा दारात पोस्टमन होता. तो दोन पावलं मागे सरला आणि पत्र जिन्यावर ठेवून निघून गेला. बाबांनी शांतपणे नमुना काढून माझ्या हातात दिला. वहीत लिहिलं, "लहान कर."

तेव्हा ठरलं, खास आपला सर्किट बोर्ड बनवून घ्यायचा. आगपेटीएवढा, मिलिमीटरही जास्त नाही. आता मी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढतो. एकोणीस वर्षं काढतोय. माझ्या नकाशावरून भावाभावांनी कुंपणं घातली आहेत. बोर्ड म्हणजे तरी काय, तांब्याच्या पायवाटांचा नकाशाच. फक्त तिथे दोन वाटा एकमेकींना चिकटल्या तर भांडण होत नाही, धूर होतो.

तरीही सल्ले यायचे थांबले नाहीत. रेडिओकाका रोज येऊन कॉम्प्युटरवरच्या नकाशाकडे बघत आणि मान हलवत. एवढ्याशा जागेत हवा कशी खेळणार, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या काळी रेडिओत उंदीर राहायचा आणि रेडिओही वाजायचा. मी म्हणालो, मला उंदीर ठेवायचा नाहीये. त्यावर ते दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी एका जुन्या रेडिओचं बटण घेऊन आले. मी निवडलेलं नाजूक, निःशब्द बटण बाबांना मुळीच पसंत नव्हतं. आवाज नाही तर ठोका कसला, असं त्यांचं मत. काकांचं बटण त्यांनी एकदा दाबलं, ते 'कट्ट' असं वाजलं, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा मी बाबांना हसताना पाहिलं. मला ते बटण असह्य होत होतं. भर सभेत कट्ट-कडकट्ट कसं दिसेल? मी त्याला तेल दिलं, आत कापूस कोंबला. ते वाजतच राहिलं.

मग आला स्क्रीनचा प्रश्न. स्क्रीन अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी, तिला कागदासारखी पातळ पट्टी, आणि त्या पट्टीचं टोक बोर्डावरच्या खाचेत जायचं. खाच नेमकी कुठे नि कोणत्या तोंडाने ठेवायची यावर सगळं अवलंबून. बायको म्हणाली, पुठ्ठ्याचा तुकडा खिशाला लावून बघा ना, कसं दिसतंय ते. सूचना चांगली होती. मी आगपेटीएवढा पुठ्ठा कापला, त्याला कागदाची पट्टी चिकटवली, तो शर्टाच्या खिशाला टाचला आणि आरशासमोर उभा राहिलो. समोर जे दिसत होतं, ते जसंच्या तसं माझ्या वहीत उतरवून घेतलं. कुठे पट्टी, कुठे खाच, कोणती तार उजवीकडे, कोणती डावीकडे. मागे खाटेवर बाबा बसले होते. त्यांनी पेनाने टेबलावर टकटक केलं. मी म्हणालो, "बाबा, दोन मिनिटं. तुमचंच काम चाललंय." पुन्हा टकटक. मग ते उठून वही घेऊन माझ्याजवळ आले. मी हो हो म्हणत पुठ्ठ्याची मापं घेत राहिलो. ते परत जाऊन बसले. मला आठवतं, मला त्यांचा थोडा रागच आला होता. माणूस एवढ्या बारकाईने काम करतोय, तर मध्ये मध्ये किती ते.

नकाशा कारखान्याकडे गेला. कारखाना लांबचा, बारा दिवसांत पाच बोर्ड बनवून पाठवले. तेराव्या दिवशी पार्सल कचेरीतून चिठ्ठी आली की, आपली वस्तू तपासणीसाठी थांबवली आहे. उद्घाटनाला पंधरा दिवस.

चार नंबरच्या खिडकीतल्या साहेबांनी फॉर्म पुढे केला. वस्तूचा उपयोग काय, असा रकाना होता. मी लिहिलं, 'वडिलांना बोलण्यासाठी.' साहेबांनी विचारलं, यातून संदेश जातो का. सरकारी माणसाने सरकारी माणसाशी खरं बोलावं म्हणून मी अभिमानाने हो म्हणालो. ही माझी चूक. संदेश जाणाऱ्या वस्तू नऊ नंबरला. नऊ नंबरला विचारलं, किती अंतरापर्यंत जातो. मी म्हणालो, साधारण दोन फूट, चष्मा असेल तर तीन. त्यांनी छापील 'किलोमीटर' खोडून तिथे 'फूट' लिहिलं, त्या खोडण्यावर सही करायला मला दोन नंबरला पाठवलं, आणि दोन नंबरच्या बाई म्हणाल्या की वापरणाऱ्या व्यक्तीने स्वतः फोन करून दुजोरा द्यायला हवा.

मी म्हणालो, "त्यांना बोलता येत नाही."

"मग तसं त्यांना फोनवर सांगायला सांगा."

हे त्या अगदी सहानुभूतीने म्हणाल्या. मी रोज अर्धी रजा टाकून नऊ दिवस या तीन खिडक्यांमध्ये फिरलो. माझ्या कचेरीत लोक खिडकीशी उभे राहतात तेव्हा मी कसा वागतो, हे त्या नऊ दिवसांत मला बऱ्याच वेळा आठवलं. ते इथे सांगण्याची गरज नाही. दहाव्या दिवशी दोन नंबरच्या बाई रजेवर होत्या, आणि त्यांच्या जागी बसलेल्या गृहस्थांनी काहीही न विचारता पार्सल हातात दिलं. उद्घाटनाला पाच दिवस.

बोर्ड देखणे होते. आगपेटीएवढे, हिरवेगार, कडा गुळगुळीत. फक्त त्यांच्यावर बसवायचे भाग तिळाएवढे होते आणि माझा हात पार्सल कचेरीनंतर स्थिर राहत नव्हता. पहिल्या बोर्डावर मी वितळलेल्या सोल्डरचा असा गोळा केला की पाच वाटांची एक वाट झाली. दुसरा जळला. शेवटी बायको बाकीचे तीन बोर्ड घेऊन तळमजल्यावर गेली. डॉक्टरीणबाईंनी दुपारचे पेशंट संपवून बोर्ड खुर्चीच्या तबकात ठेवला, वरचा दिवा ओढला, भिंगाचा चष्मा चढवला आणि सोल्डरिंगची सळई हातात घेतली. "घाबरू नका, जरासं टोचेल," त्या बोर्डाला म्हणाल्या. सवयीने म्हणाल्या असाव्यात. चाळीस मिनिटांत सगळे भाग ओळीने बसले. मग चूळ भरायचा पेला त्यांनी पुढे केला, तो मात्र मला.

स्क्रीनची पट्टी मी खाचेत सरकवली. बॅटरी लावली. काहीच झालं नाही. पुन्हा लावली. काही नाही. रेडिओकाका म्हणाले, हवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुळापासून हललंय का बघा. बायकोने बोर्ड हातात घेतला, माझा नकाशा मागवला, थोडा वेळ दोन्हींकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अहो, हे तुम्ही आरशात बघून काढलं होतं ना?"

एकोणीस वर्षं नकाशे काढणाऱ्या माणसाने आपल्या बापाच्या खिशाचा नकाशा आरशातून उतरवला होता. डावं ते उजवं, उजवं ते डावं. सगळ्या तारा उलट्या क्रमाने. पट्टी पालथी घातली तर क्रम जुळत होता, स्क्रीन उजळत होती, अक्षरंही सरळ येत होती. पण मग स्क्रीनचं तोंड मागे जायचं. म्हणजे बाबांनी ते यंत्र छातीवर लावलं की त्यांचे शब्द त्यांच्याच बनियनला वाचायला मिळणार. बोर्ड उलटा लावावा, तर बॅटरी, वायरी आणि सोल्डरचे सगळे डाग जगापुढे. पोस्टमन डोळ्यांसमोर आला. नवे बोर्ड यायला बारा दिवस, वर खिडक्या. उद्घाटनाला तीन दिवस होते.

बाबांना कसं सांगावं कळेना. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना हे अपेक्षितच होतं, आणि जाऊन पुन्हा खिडकीपाशी बसले. त्यांचा कामावरचा जुना कोट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता. त्या कोटाकडे मला बघवेना. उत्साहाच्या भरात मी त्यांना आशेला लावलं आणि तोंडावर पाडलं, हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं. मी तसं बायकोला म्हणालोही. ती ऐकत नव्हती. ती कोटाकडे बघत होती.

तिने कोट उचलला, डावी बाजू उघडून अस्तर समोर धरलं आणि यंत्र अस्तरावर ठेवलं. कोट मिटला तर स्क्रीन छातीकडे. कोटाची बाजू उघडली तर स्क्रीन समोरच्याकडे. माझी चूक अस्तरात अगदी बरोबर बसत होती. तिने तिथे चौकोनी खिडकी कापून कडा शिवल्या, वायर अस्तरातून पाठीमागून उजव्या खिशात नेली, खिशात काकांचं बटण. बाबांनी कोट घातला, खिशात हात घातला, कट्ट-कडकट्ट केलं आणि कोटाची डावी बाजू उघडली. आत निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, "तारघर उघडं." मग कोट मिटला. बोलायचं असेल तेव्हा खिडकी उघडायची, नसेल तेव्हा बंद. ही सोय आवाज असताना त्यांच्याकडे नव्हती. पुढचे दोन दिवस रेडिओकाका दिसले रे दिसले की ते कोट मिटून घेत.

रविवारी आम्ही, सोबत रेडिओकाका, पोचलो तेव्हा तारघराच्या लांब खोलीत साठेक खुर्च्या भरल्या होत्या. पलीकडचा अजून आला नव्हता. बाबा घामाघूम झाले होते, पण कोट काढायला तयार नव्हते. बाबांचं नाव पुकारलं गेलं. ते मंचावर गेले, मायक्रोफोनसमोर उभे राहिले, उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हाताने कोट उघडला.

आणि तेव्हा, अगदी त्या क्षणी, माझ्या लक्षात आलं. चाळीस दिवस आम्ही ते यंत्र लहान करण्यात घालवले होते. मी, बायको, काका, डॉक्टरीणबाई, तीन खिडक्या. अंगठ्याच्या नखाहून जेमतेम मोठी स्क्रीन. आणि समोर साठ माणसांचा हॉल. ती कुणालाही दिसणार नाही, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. दोन फूट हे अंतर मी स्वतःच्या सहीने सरकारला लिहून दिलं होतं.

बाबा कोट उघडून उभे होते. आत काहीतरी निळसर चमकत होतं. तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी चष्मा लावला. मागून कुणीतरी विचारलं, काय दाखवतायत ते. एक जण हसला. आणि रेडिओकाका उठून उभे राहिले आणि सगळ्यांना सांगू लागले की बाबांना ऐकू येत नाही, जरा जोरात बोला. बाबांनी दाराकडे पाहिलं. त्यांचा डावा हात कोट मिटायला लागला. मला माहीत होतं, तो कोट आता मिटला तर पुन्हा उघडणार नाही, आणि तो माणूस खिडकीपाशी जाऊन बसेल ते कायमचा.

मी धावलो. मंचावर चढून वाचून दाखवावं, एवढाच विचार होता. पण पाय मायक्रोफोनच्या वायरीत अडकला, मी पायरीवर गुडघ्यांवर पडलो, आणि मायक्रोफोनची ढिली मान खाली कलंडून थेट बाबांच्या कोटाच्या खिशाशी जाऊन टेकली. बाबा दचकले, त्यांचा हात बटणावर पडला. सगळ्या हॉलमध्ये दाणकन आवाज घुमला. कट्ट.

मागच्या दाराशी एक अतिशय म्हातारा गृहस्थ काठी टेकत नुकताच आत आला होता. त्याला नीट दिसत नसावं, कारण तो मंचाकडे न बघता मान एका बाजूला कलती करून उभा होता.

"पुन्हा," तो म्हणाला. "सुरुवातीपासून. घाई नको."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खिशातला हात हलू लागला. कट्ट, कडकट्ट, कट्ट. आधी अडखळत, मग सलग. म्हातारा ऐकत होता, ओठ हलवत होता.

"हात तोच आहे," तो शेजारच्याला म्हणाला. "जरा म्हातारा झालाय."

मग त्याने काठी पुढे रोवली आणि मोठ्या, खणखणीत आवाजात, दर दोन शब्दांनंतर थांबत, बाबांचं भाषण केलं. "या खोलीत एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या पोचवल्या. जन्म. मृत्यू. गाडी चुकली. माझं स्वतःचं सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. सात महिने गप्प होतो. आज बोललो. बरं वाटलं. पलीकडे कोण आहे ते ओळखलं. संपलं."

टाळ्या किती वेळ चालल्या ते मला सांगता येणार नाही, कारण मी पायरीवरच बसून रडत होतो. गुडघा दुखत होता असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

दोघे मग बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसले. एकाला दिसत नव्हतं, एकाला बोलता येत नव्हतं, आणि बटण सारखं वाजत होतं. मध्येच बाबांनी मला खुणेने बोलावलं. पलीकडच्याचा पत्ता लिहून घ्यायचा होता. वही त्यांनी घरी ठेवायची म्हटलं होतं, पण ती बायकोच्या पिशवीत होती. मी कोरं पान शोधायला वही उघडली, आणि मागचं एक पान समोर आलं.

सगळ्या पानांवर खाली बरोबरची खूण होती. या एकावर नव्हती. वर तारीख होती, वेळ सकाळी दहा वीस. मजकूर: "आरशात बघून काढू नकोस. उलटं येईल." त्याखाली, बारीक अक्षरात: "मुलगा कामात. संदेश पोचला नाही."

ज्या माणसाला बोलता यावं म्हणून मी आकाशपाताळ एक करत होतो, तो माझ्या मागे दोन हातांवर उभा राहून बोलत होता, आणि त्याला मी 'दोन मिनिटं' म्हणालो होतो. रेडिओकाका निदान कानात ओरडत तरी होते. मला फार लाज वाटली. मी खिशातून पेन काढलं आणि त्या पानाखाली बरोबरची खूण केली.

बाबा बघत होते. त्यांनी खिशात हात घातला, कट्ट-कडकट्ट केलं, आणि माझ्यापुरती कोटाची बाजू उघडली. मी दोन फुटांवर वाकून वाचलं.

"वेळ टाक."

मी घड्याळ पाहिलं आणि खुणेशेजारी लिहिलं, दुपारी एक चाळीस.